मापेंचा अंगठा

त्यांचं आडनाव मापे नव्हतं. कारखान्यात लागल्यावर तिसऱ्या वर्षी कुणीतरी गमतीने त्यांना मापे म्हटलं, ते नाव चिकटलं, आणि पुढे शेजारी, दुकानदार, इतकंच काय सासरची माणसंसुद्धा त्यांना मापेच म्हणू लागली. मुलीच्या शाळेत एकदा बाईंनी हजेरी घेताना ‘मापे’ असं पुकारलं, तर पोरगी जागची हलली नाही आणि घरी येऊन रडली. मापेंची छाती मात्र त्या दिवशी दोन इंच फुगली. दोन इंच म्हणजे पन्नास पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं.

ते टर्नर होते. लेथ नावाच्या यंत्रावर लोखंडाचा तुकडा गरगर फिरत असतो आणि टर्नर त्याला धारदार टूल लावून हव्या त्या मापाचा करतो. मापेंनी हे काम बत्तीस वर्षं केलं. मायक्रोमीटर त्यांच्या खिशात असायचा, पण खरं माप त्यांच्या उजव्या अंगठ्यात होतं. दांड्यावरून अंगठा फिरवून ते सांगायचे, “इथे पायरी आहे.” पायरी म्हणजे दोन शतांश मिलिमीटरचा चढ, केसाच्या जाडीचे चार भाग केले तर त्यातला एक. डोळ्याला ती दिसत नाही. त्यांनी अशी पायरी मुद्दाम ठेवलेली एक छोटी पिन बनवून ठेवली होती. कामाला नवा माणूस आला की ते ती त्याच्या हातात ठेवायचे. “सांग, पायरी कुठे आहे?” बहुतेकांना थोड्या खटपटीने सापडायची. सापडली नाही, तर मापे म्हणायचे, “हरकत नाही, अजून हात जागा व्हायचाय.”

असा हा शतांशाचा माणूस स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की एकदम ढोबळ व्हायचा. कसं काय चाललंय? नेहमीचंच. ताप आलाय का? नेहमीचंच. पाठ धरली, दाढ ठणकली, वडील वारले, सगळ्याला एकच उत्तर. बायको म्हणायची, “यांच्या मापाच्या पेटीत माझ्यासाठी एकच पट्टी आहे, आणि तिच्यावर आकडे नाहीत.”

त्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला लेथवरचा चक उतरवायचा होता. चक म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी पंजा, चाळीस किलोचा. पट्टा घालून दोघांनी तो उचलला, पट्टा सरकला, आणि यंत्रावर घाव पडू नये म्हणून मापेंनी सवयीने हात मध्ये घातला. यंत्र वाचलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर एका हाताने लिहीत होता आणि दुसऱ्याने मापेंचं मनगट तपासत होता. त्याने विचारलं, “काका, या हाताला आधी कधी काही त्रास होता?” नेमकी त्याच वेळी दारातून बायको आत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, चेहरा पांढराफटक. तिला पाहून मापे घाईघाईने म्हणाले, “काही नाही, नेहमीचंच.”

डॉक्टरने मान हलवली आणि लिहिलं.

मनगटाचं हाड जुळलं, पण आतली एक नस चेंगरली होती. प्लास्टर निघालं तरी अंगठा आणि शेजारची बोटं कुणा परक्याची असावीत तशी लटकत राहिली. कारखान्याने रजा दिली, पगार थांबला. पण एक आधार होता. बायकोचा धाकटा भाऊ विमा एजंट. चार वर्षांपूर्वी त्याने मापेंच्या गळ्यात एक विमा मारला होता. दुखापतीमुळे काम बंद पडलं तर पगाराचा मोठा हिस्सा महिन्याच्या महिन्याला मिळेल, असा. “भाऊजी, तुमचा हात थांबला तर हा कागद कामाला जाईल,” असं तो तेव्हा म्हणाला होता. मापे हसले होते. आता त्यांनी तो कागद कामाला धाडला.

दोन महिन्यांनी एक फोन आला. गोड आवाज.

“नमस्कार काका, कसे आहात?”

“मजेत.”

“हात काय म्हणतोय?”

“बरा आहे की.”

फोनवरच्या मुलीने तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं, मापेंनीही तिला सांगितलं. फोन ठेवल्यावर ते बायकोला म्हणाले, “काय चांगली पोर होती.”

मग पाकीट आलं. लेकीने ते उघडलं, कारण मापेंना उजव्या हाताने पाकीट फाडता येत नव्हतं आणि डाव्या हाताने फाडायची लाज वाटत होती. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर कामाला होती. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे तिचं वाचणं ठणठणीत. पण तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खाली आला.

“दावा नामंजूर,” ती म्हणाली.

कारणं दोन होती. एक, दवाखान्याच्या पहिल्याच कागदावर रुग्णाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं की हाताचा त्रास नेहमीचा, जुना आहे. आणि जुन्या दुखण्याला हा विमा लागू नव्हता. दोन, विमाधारकाने स्वतः दूरध्वनीवर हात बरा असल्याचं सांगितलं होतं. फेरविचारासाठी अर्ज करायचा असल्यास तीस दिवस.

“मी असं म्हणालो नाही. जुना त्रास? मी? कोणाला म्हणालो?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भिंतीला हात टेकला.

“मला,” ती म्हणाली. “तुम्ही मला म्हणालात. मी आत आले तेव्हा. डॉक्टर म्हणाले, आधी त्रास होता का, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, नेहमीचंच.”

एवढ्याशा शब्दाने एवढं मोठं दार आपटून बंद केलं होतं.

संध्याकाळी मेहुणा आला. हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकला; अपराधी माणूस पाठ टेकत नाही.

“या विमासाहेब,” मापे म्हणाले. “तुमचा कागद कामाला गेला होता. त्याला गेटवरूनच घरी पाठवलं.”

“भाऊजी, थट्टा नंतर करा. फोनवर बरा आहे असं का सांगितलंत?”

“अरे, कुणी कसे आहात विचारलं तर काय सांगायचं? तिरडी बांधायला घेतलीय?”

“दादा, यांना ओरडू नकोस,” बायको म्हणाली. भाऊ धाकटा असला तरी ती त्याला लाडाने दादाच म्हणायची.

“ओरडत नाही गं ताई. अर्ज आपण करू. पण भाऊजी, तोवर एक पाळा. तोंड बंद ठेवा. ही माणसं चौकशी करतात. शेजाऱ्यांना विचारतात, दुकानात विचारतात. कधी लांबून बघतातही. तुम्ही कुठे पिशवी उचललीत, कुठे हात हलवलात, सगळं लिहून घेतात.”

तो बिचारा भल्यासाठी बोलला. पण त्या दिवसापासून मापेंच्या घरात भीती मुक्कामाला आली.

सगळ्यात आधी त्यांना साध्या विचारपुशीची भीती वाटायला लागली. दिवसातून दहा वेळा माणसं विचारतात, काय, बरं आहे ना? आयुष्यभर या प्रश्नाला उत्तर दिलंय हे लक्षातही येत नाही. आता प्रत्येक वेळी मापे मनात हिशेब करायचे. बरं आहे म्हणावं, तर ते कुठेतरी लिहिलं जाणार. वाईट आहे म्हणावं, तर हा माणूस उद्या पलीकडच्याला म्हणणार, छे, कालच तर जिना चढताना पाहिलं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. “काय हो मापे, कसा आहे हात?” मापे दोन पायऱ्यांमध्ये थबकले, तोंड उघडलं, मिटलं आणि भिंतीला घासत खाली उतरून गेले. काकूंनी बायकोला गाठून विचारलं, “आमचं काही चुकलं का?”

मग समोरच्या बाकावर एक माणूस दिसू लागला. करडा शर्ट, मांडीवर वर्तमानपत्र. रोज साडेचारला यायचा आणि यांच्या इमारतीकडे तोंड करून बसायचा. मापे पडद्याच्या फटीतून त्याला बघायचे आणि त्यांना वाटायचं तो आपल्याला बघतोय. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडदा पिना लावून बंद केला. पाचव्या दिवशी बायको सरळ खाली गेली आणि त्या माणसाला विचारून आली. “पलीकडे त्याची नात पोहायला शिकते. तासभर थांबावं लागतं म्हणून बसतो. पाणी मागत होता, दिलं.”

“असं सांगतो तो,” मापे म्हणाले.

“अहो, नातीचे ओले केस दाखवले त्याने.”

तरी पडद्याच्या पिना निघाल्या नाहीत. आणि खरी वाट लागली ती यातच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मऊ चेंडू दिला होता. रोज शंभर वेळा दाबायचा, बोटं उघडायची, मिटायची. मापे तो आधी खिडकीत बसून दाबायचे. मग न्हाणीघरात कडी लावून दाबू लागले. मग त्यांना वाटलं, चेंडू दाबता येतो म्हणजे हात चालतो असं कुणी म्हटलं तर? त्यांनी चेंडू कपाटात टाकला आणि हात झोळीत घालून गळ्यात अडकवला. घरातसुद्धा. पुढच्या खेपेला बाईंनी बोटं हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “काका, हे काय? पंधरा दिवसांत एवढी आखडली कशी?” मापेंनी हात पुन्हा झोळीत सरकवला. बाईही कुणाला तरी सांगतील.

याहून वाईट एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. ते पत्र त्यांनी इतक्या वेळा वाचलं की त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली. खरंच आधीपासून दुखत होता का हात? हिवाळ्यात सकाळी बोटं जड वाटायची ना? त्या वर्षी आठ दिवस मनगटाला फडकं बांधलं होतं, ते कशाला? छापील कागद, खाली शिक्का, तो खोटं कशाला बोलेल? बत्तीस वर्षं ज्या हातावर विसंबले, त्याच्या विरुद्ध ते आता साक्षी गोळा करू लागले होते.

एका दुपारी लेक अर्धी रजा काढून घरी आली, तर बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने आणि दातांनी झोळीची गाठ आणखी करकचून आवळत होते. बोटं निळसर पडली होती.

“बाबा! काय करताय?”

“सैल झाली होती.”

तिने गाठ सोडली. बोलली ती रविवारी सकाळी, चहाचे कप उचलल्यावर.

“आमच्याकडे डोळ्याची एक तपासणी असते,” ती म्हणाली. “माणसाला यंत्रात बघायला लावायचं, आत ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके चमकतात. दिसला की बटण दाबायचं. न दिसलेल्या जागांचा नकाशा निघतो. काही लोक दिसत असून दिसत नाही म्हणतात, त्यांना नुकसानभरपाई हवी असते. पण ते पकडले जातात. का माहितीये?”

“का?”

“कारण खोटं बोलणाऱ्याला दर वेळी त्याच जागी खोटं बोलता येत नाही. दुसऱ्यांदा तपासलं की नकाशा बदलतो. खऱ्याचा तसाच राहतो.” तिने आलेखाचा कागद टेबलावर पसरला. “तुमच्या हाताचा नकाशा काढू. तुम्ही लोखंडाचा काढता तसा. मापासकट.”

आणि तिने उठून पडद्याच्या पिना काढल्या. “उजेड लागेल. बघायचं त्याला बघू दे.”

मापेंचे डोळे रुमालाने बांधले. हात टेबलावर उताणा. “टोचलेलं कळलं की हो म्हणायचं. नाही कळलं तर गप्प.” बायको समोर बसली.

मापे वाट बघू लागले. रस्त्यावरून एक गाडी गेली. नळ ठिबकत होता. त्यांनी श्वास धरून ठेवला होता, कारण मनात कुठेतरी एक चोरटी आशा होती, जी त्यांनी त्या बाकावरच्या माणसापेक्षाही जपून लपवली होती. की आतून हात बराच जागा झाला असेल. की फक्त वापर नाही म्हणून बधिर वाटतो. की एक दिवस ते सरळ उठून कारखान्यात जातील आणि लेथ चालू करतील, आणि मग विमा खड्ड्यात गेला तरी चालेल.

“कर की सुरू,” ते म्हणाले.

कुणी बोललं नाही.

“अगं, कर सुरू.”

“बाबा,” लेक म्हणाली, “वीस वेळा टोचून झालं.”

रुमालाखाली मापेंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

मग ती बोटांच्या मुळाकडून टोकाकडे सरकू लागली. हो. हो. हो. आणि मग गप्प. जिथे हो संपायचं तिथे ती पेनने ठिपका द्यायची. तासाभराने तळव्यावर लाल रेघ उमटली, नकाशातल्या किनाऱ्यासारखी. मापेंनी रुमाल काढला, रेघेकडे पाहिलं आणि डाव्या हाताने स्वतःचा व्हर्निअर, माप घ्यायचं पोलादी साधन, पुढे सरकवला. “याने माप. तुझ्या त्या प्लास्टिकच्या पट्टीने नको.”

अंगठा, टोकापासून चौतीस मिलिमीटर. तर्जनी, एकावन्न. मधलं बोट, अठ्ठेचाळीस. लेक कागदावर हात काढत होती आणि मापेंना राहवेना. “मापाची रेघ आकृतीच्या बाहेर काढतात, आत नाही. बाणाचं टोक बारीक. कोण शिकवतं तुम्हाला?”

“आणि चूक किती धरायची?” लेकीने विचारलं.

“एक मिलिमीटर. त्याहून जास्त गेलं तर माल नापास.”

बायको व्हर्निअरच्या पेटीत ठेवलेली ती छोटी पिन चाळवत होती. तिच्यावरून अंगठा फिरवता फिरवता म्हणाली, “हे काय, इथे मध्ये काहीतरी लागतंय.”

मापेंनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. तिने पिन त्यांच्या तळव्यावर ठेवली. ते तिच्यावरून अंगठा पुढे ढकलू लागले, मागे ओढू लागले, पुन्हा पुढे. पिन गुळगुळीत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे काही नाही.

त्यांनी पिन पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

आताचा हात कागदावर आला होता. आधीचा हात कुठून आणायचा? तो होता तपासनिसाच्या वहीत. कारखान्यात प्रत्येक नग मोजून वहीत लिहिला जातो, आणि वीस वर्षं मापेंचं त्या वहीशी आणि तपासनिसाशी भांडण होतं. दोघंही एका मापाचे हट्टी. मापे कारखान्याच्या गेटातून आत शिरले तेव्हा यंत्रांचा आवाज अंगावर आला. त्यांच्या लेथवर दुसरा कुणी उभा होता. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

तपासनीस उठून उभा राहिला. “मापे! कसा आहेस?”

तोच प्रश्न. मापेंनी आजूबाजूला पाहिलं, मग त्याच्याकडे. वीस वर्षांत या माणसाने त्यांचा एक शतांशही सोडला नव्हता.

“वाईट,” मापे म्हणाले.

तपासनिसाने वही उघडली, पान काढलं, झेरॉक्स केली आणि सही ठोकली. अपघाताच्या सकाळी मापेंनी नऊ नग केले होते. शेवटचा अकरा दहाला. नऊच्या नऊ दोन शतांशाच्या आत. “जन्मभर या वहीला शिव्या घातल्यास,” तो म्हणाला, “घे, आज तुझ्या बाजूने बोलतेय.”

सुनावणीचा दिवस आला. कंपनीची ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, आणि कुडकुडायला लावणारा गारठा. पलीकडे अधिकारी बाई, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांच्या शेजारी कंपनीचे डॉक्टर, उतारवयाचे, हजारदा हेच पाहिलेला चेहरा. अलीकडे मापे, बायको आणि लेक. मेहुण्याला आत घेतलं नव्हतं. तो बाहेर हेल्मेट घेऊन बसला होता.

“या, बसा,” बाई म्हणाल्या. “कसे आहात?”

बायकोच्या पर्सचा खटका टक्क वाजला.

“लिहून आणलंय,” मापे म्हणाले.

“अहो, मी सहज विचारलं.”

“सहज विचारतात, त्याचीच भीती वाटते.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दवाखान्याचा कागद पुढे केला. “नेहमीचा त्रास. हे तुमचे शब्द?”

“शब्द माझा. पण डॉक्टरांसाठी नव्हता. हिच्यासाठी होता. ही घाबरून आली होती.”

“हे सगळ्याला तेच म्हणतात हो,” बायको एकदम बोलली. “लग्न झाल्यापासून. ताप असला तरी तेच, सासरे गेले तेव्हाही तेच. मी एकशे चार ताप मोजलाय आणि हे म्हणतात नेहमीचंच. तो काय रोज असायचा?”

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. पण त्या म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. तुमचं म्हणणं मी लिहून घेईन, पण त्याने भागणार नाही.”

लेकीने वहीचं पान पुढे केलं. बाईंनी वाचलं, डॉक्टरांकडे सरकवलं. डॉक्टरांनी वेळ पाहिली, आकडे पाहिले. “दोन शतांश? हाताने?”

“हाताने,” मापे म्हणाले.

“ठीक. म्हणजे अर्ध्या तासापूर्वी हात चांगला होता. आता चांगला नाही कशावरून?” लेकीने नकाशा ठेवला. डॉक्टरांनी तो लांब धरून पाहिला. “सुबक आहे. पण सुबक नकाशा कुणीही काढेल.”

“तुम्ही पुन्हा काढा,” लेक म्हणाली. “त्यांना न दाखवता. जुळतो का बघा.”

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीतून टोचायची सुई आणि पट्टी काढली.

मापेंनी डोळे मिटले. मध्ये फाईल उभी धरली होती. घरी सोपं होतं. घरी फक्त खरं कळायचं होतं. इथे किनाऱ्यावर चुकलो तर सगळं बुडणार. एक मिलिमीटर. गारठ्याने बोटं सुन्न झाली असतील तर? भीतीने नको तिथे हो निघून गेलं तर? हो. हो. मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे टोचलेलं कळत नाही, की डॉक्टर थांबलेत? हो. पुन्हा काहीच नाही. त्यांना वाटलं आपण फार वेळा हो म्हणालो. मग वाटलं, फार कमी. शेवटी त्यांनी हिशेब सोडला आणि जे लागलं तेवढंच म्हणत राहिले, जसं दांड्यावर अंगठा ठेवताना म्हणायचे.

पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“तर्जनीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक,” डॉक्टर म्हणाले. “अंगठ्यात नाही.” ते थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग वेगळ्याच आवाजात, मघाचा कंटाळा टाकून, म्हणाले, “आणि लेथ, काका? जमेल?”

फोनवरच्या मुलीला दिलेलं ‘बरा आहे’ आता ओठांवर आलं होतं. खरं काय ते त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. पिनच्या पेटीचं झाकण लावलं तेव्हाही नाही.

“लेथसमोर उभा राहीन,” मापे म्हणाले. “काम होणार नाही. आता पुन्हा नाही.”

ते समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. बायकोकडे बघायची हिंमत नव्हती. टेबलाखाली तिने त्यांचा डावा हात धरला, की आधीपासूनच धरला होता, ते त्यांना कळलं नाही.

सतरा दिवसांनी पत्र आलं. मेहुण्याने फोनवर आरडाओरडा केला, वरच्या काकूंना बायकोने जिन्यातच सांगून टाकलं. दावा मंजूर. मागचे महिने धरून. लेकीने पत्र शेवटपर्यंत वाचलं, कारण ती शेवटपर्यंत वाचायची: दर सहा महिन्यांनी फेरतपासणी, आणि हातात सुधारणा आढळल्यास फेरविचार.

मापेंनी ती ओळ बोटाने धरून ठेवली. डाव्या हाताच्या.

चेंडू कपाटातून बाहेर आला. पडदा उघडा राहिला. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक कागद पसरते, मापे रुमाल बांधतात. चौतीस. चौतीस. चौतीस. पाच महिने तोच आकडा. प्रत्येक वेळी त्यांना दोन भीती एकदम वाटतात: आकडा हलणार नाही ही, आणि हलेल ही.

सहाव्या रविवारी, रुमालाखालून, ते म्हणाले, “हो.”

लेकीचा हात थांबला. “काय?”

“हो म्हटलं. लागलं.”

“बाबा, मी रेघेच्या आत आहे. तेहतीसवर.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. बायको दारात आली असणार; मापेंना ती न बघताही कळली. पुढच्याच आठवड्यात फेरतपासणी होती. सहा महिन्यांना एक मिलिमीटर, त्यांनी मनात भागाकार केला, म्हणजे पुरा अंगठा जागा व्हायला साडेसोळा वर्षं. लेथ तोवर कुणाची वाट बघत नाही. पण कंपनीला एक मिलिमीटर पुरेसा असला तर?

“पुन्हा टोच,” ते म्हणाले.

तिने पाच वेळा टोचलं. चार वेळा हो आलं.

तिने पेन्सिल उचलली, पण कागदाला लावली नाही. “लिहू का?” तिने हळूच विचारलं. चौतीसच ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? एक मिलिमीटर तर चुकीत धरलेलाच होता.

मापेंनी रुमाल काढला. उजेडात त्यांनी क्षणभर डोळे मिचकावले.

“तेहतीस लिही,” ते म्हणाले. “आणि तारीख घाल.”

बायको पुढे आली आणि त्यांच्या अंगठ्यावरचा तो बारीक लाल ठिपका बघायला वाकली. “दुखलं?”

मापेंच्या जिभेवर तो जुना शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

“हो,” ते म्हणाले. “दुखलं.”